दुष्काळाच्या पोटी जन्मलेल्या शाळा

नाशिकचा शरणपूर रस्ता आज दुकाने, दवाखाने आणि वाहनांनी भरून वाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र हा सारा भाग गावाबाहेर होता. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथे शरणपूर नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. अनाथ मुलांसाठी निवास, शाळा आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवण्याची सोय असे तिचे स्वरूप होते. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजांचे आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलेही इथेच वाढली. १८७३ मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले. त्यांचे पार्थिव शेकडो मैल पायी वाहत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये जेकब वेनराइट हा तरुण होता. तो नाशिकला शिकलेला होता.

ज्याला कोणी नाही अशा मुलाला आधी छप्पर द्यायचे, मग अक्षर शिकवायचे आणि शेवटी पोट भरेल असे काही कसब हाती द्यायचे, हा निवासी संस्थांचा साचा नाशिककरांनी असा फार लवकर पाहिला. महाराष्ट्रातल्या पहिल्या अंधशाळा त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने मुंबईत निघाल्या. त्यांचा साचाही हाच होता. छप्पर, अक्षर आणि कसब या तिन्हींपैकी कशाला पहिला मान द्यायचा, यावरच पुढची सव्वाशे वर्षे या शाळांचे रूप ठरत गेले.

शाळा निघण्यापूर्वी अंध मुलांचे काय होत असे? घरात खाणारी तोंडे फार नसतील तर मूल घरीच राही. जात्यावर बसे, दोर वळी, लहान भावंडांना सांभाळी. गळा गोड असेल तर भजनी मंडळात किंवा कीर्तनकाराच्या मागे उभे राही. बाकीच्यांच्या वाट्याला देवळाची पायरी येई. पंचवटीत आणि गोदाघाटावर, विशेषतः सिंहस्थात, हात पसरून बसलेल्या अंधांना काही दिल्याशिवाय कोणी यात्रेकरू पुढे जात नसे. दान करणाऱ्याला पुण्य लाभे, घेणाऱ्याला त्या दिवसाचे अन्न. त्या मुलाला शिकवता येईल, हा विचारच या व्यवहारात कुठे नव्हता.

अपवाद होते, आणि तेही थोर होते. १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले. तरीही त्यांनी वेदान्तापासून संगीतापर्यंत अनेक विषयांवर प्रचंड लेखन केले. इतरांनी ग्रंथ वाचून दाखवायचे, महाराजांनी ऐकून मनात साठवायचे आणि मग सांगायचे, असे ते लेखन होई. मराठी परंपरेने त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले ते योग्यच होते. पण अशा असामान्य माणसालाही स्वतःच्या हाताने वाचता येईल अशी मराठी लिपी त्यांच्या लहानपणी उपलब्ध नव्हती. सामान्य घरातल्या अंध पोराला कोण ग्रंथ वाचून दाखवणार होते?

मग एकापाठोपाठ दुष्काळ आले. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा दुसरा. मधल्या काळात मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले. नगर, नाशिक, खानदेश आणि गुजरात या भागांतून माणसे जनावरांसह बाहेर पडली. दुष्काळ माणसाला उपाशी मारतो हे सगळ्यांना दिसते. लहान मुलांचे डोळे तो कसे घेतो, हे त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हते. हिरवा पाला, दूध, तूप पोटात जाईनासे झाले की शरीरातले अ जीवनसत्त्व संपते. आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडे पडते आणि शेवटी ते विरघळल्यासारखे होऊन फुटते. त्यात गोवर किंवा हगवण झाली तर हे काही दिवसांतच घडते. अ जीवनसत्त्वाचा शोध लागायला अजून दशकाहून अधिक काळ जायचा होता. देवीच्या साथीत डोळे गेलेली मुले तर पिढ्यान्‌पिढ्या होतीच. खुपऱ्या आणि जन्मतःच होणारा डोळ्यांचा संसर्ग यांचीही त्यात भर पडे. दुष्काळी छावण्यांतून आणि अनाथाश्रमांतून गोळा केलेल्या मुलांमध्ये अंध मुले इतकी का आढळत, याचे उत्तर इथे आहे.

अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत अशाच मुलांसाठी शाळा सुरू केली. दादरची अंधशाळा म्हणून ती पुढे नावारूपाला आली आणि आज श्रीमती कमला मेहता दादर अंधशाळा या नावाने मुलींना शिकवते आहे. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ति मिशनमध्येही दुष्काळाने आणलेल्या शेकडो मुली-बायकांत अंध मुली होत्या. त्यांच्यासाठी तिथे ‘बार्तीमी सदन’ हा वेगळा विभाग निघाला. रमाबाईंची मुलगी मनोरमा शिक्षणासाठी अमेरिकेला गेली होती. तिथे ती ब्रेल लिपी शिकली आणि परतल्यावर केडगावच्या अंध मुलींना ती शिकवू लागली. समाजाने ज्यांना ओझे मानले त्या मुलींच्या हाती एका मराठी मुलीने अक्षरे दिली. आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या घटनेला जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळालेली नाही.

भारतातली पहिली अंधशाळा याआधीच, १८८७ मध्ये, अमृतसरला निघाली होती. अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी काढलेली ही शाळा १९०३ मध्ये डेहराडूनजवळच्या राजपूरला गेली. कलकत्त्यात लालबिहारी शाह यांनी १८९७ मध्ये शाळा काढली. राणी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ १९०२ मध्ये मुंबईला ताडदेवमध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. तिच्या उभारणीत डॉ. निळकंठराय दयाभाई छत्रपती यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांची स्वतःची दृष्टी गेलेली होती. म्हणजे मुंबईच्या अगदी आरंभीच्या अंधशाळांपैकी एकीची धुरा एका दृष्टिहीन माणसाने वाहिली. छपराच्या कल्पनेला अक्षराच्या कल्पनेने दिलेला हा पहिला मोठा धक्का होता. अंध माणूस केवळ दया घेणारा नसून शिकवणाराही असू शकतो, हे शाळेत पाऊल टाकताच मुलांना कळत होते.

या सगळ्या शाळांचे मूळ कूळ पॅरिसचे. व्हॅलेंटाइन हाउई यांनी १७८० च्या दशकात तिथे अंध मुलांची निवासी शाळा काढली. छापील अक्षरेच कागदावर उठावदार करून ते मुलांना वाचायला देत. ती बोटांना ओळखायला अवघड जात आणि लिहिता तर येतच नसत. त्याच शाळेत लुई ब्रेल हा मुलगा शिकला. वडिलांच्या जीनसाजीच्या कारखान्यात तीन वर्षांचा असताना झालेल्या अपघाताने त्याचे डोळे गेले होते. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. निवासी शाळेत अंध मुले एकत्र राहत नसती तर ही लिपी घडली असती का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात किती ठिपके मावतात, कोणता आकार कोणत्या आकाराशी गल्लत करतो, हे सोबत्यांच्या बोटांवर तपासूनच ठरत होते.

भारतात ब्रेल आली तेव्हा तिच्यापुढे वेगळेच संकट उभे राहिले. ठिपक्यांच्या एकूण जुळण्या त्रेसष्टच. आपल्या वर्णमालेत स्वर आहेत, व्यंजने आहेत, मात्रा आहेत, जोडाक्षरे आहेत. यांची वाटणी कशी करायची? प्रत्येक शाळेने आपापले उत्तर काढले. मुंबईत निळकंठरायांची पद्धत, कलकत्त्यात शाह यांची, उत्तरेत मिशनऱ्यांची, शिवाय ‘ओरिएंटल ब्रेल’ म्हणून वेगळीच. मुंबईत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या प्रांतात छापलेले पुस्तक वाचता येईना. आधीच अंधांसाठी पुस्तके मूठभर, त्यात लिप्यांचे असे तुकडे. एखाद्या शाळेत पुस्तके कमी पडली तर शेजारच्या प्रांताकडून ती मागवण्यात अर्थच नसे.

हा गुंता सुटायला दुसरे महायुद्ध यावे लागले. १९४३ मध्ये युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डेहराडूनला पुनर्वसन केंद्र निघाले. त्याच्याशी जोडलेले सर क्लुथा मॅकेन्झी स्वतः पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत अंध झाले होते. भारतातल्या अंधत्वाविषयीचा सरकारी अहवाल १९४४ मध्ये आला, त्याच्याशी त्यांचे नाव निगडित आहे. एकसमान ब्रेलचा प्रश्न पुढे युनेस्कोपर्यंत पोहोचला. बैरूतच्या बैठकीनंतर १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली आणि त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेल छापखाना उभा राहिला.

भारती ब्रेलची रचना समजली की तिच्यामागची बुद्धी दिसते. ती लिपीच्या आकाराकडे बघत नाही, उच्चाराकडे बघते. ‘क’ साठी पहिला आणि तिसरा ठिपका. मराठीत तोच, बंगालीत तोच, तमिळमध्येही तोच, आणि इंग्रजी ‘के’ साठीही तोच. ‘कमळ’ लिहायचे तर ‘क’, मग ‘म’, मग ‘ळ’. यांतल्या ‘ळ’ चे तिन्ही ठिपके उजव्या रांगेत येतात. मात्रेसाठी वेगळी खूण नाही, व्यंजनामागे स्वर लिहायचा. म्हणून ‘कि’ मधली वेलांटी, जी डोळस मुले अक्षराच्या आधी काढतात, ती ब्रेलमध्ये उच्चाराच्या क्रमाने ‘क’ च्या नंतर येते. जोडाक्षर करायचे तर आधी हलन्ताचा ठिपका. ही लिपी पाटीवर लिहिताना कागद चौकटीत अडकवतात आणि स्टायलसने उजवीकडून डावीकडे टोचे मारत जातात. कागद उलटला की उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचता येतात. म्हणजे पहिलीतल्या पोराला प्रत्येक अक्षर लिहिताना त्याची उलटी बाजू ध्यानात ठेवावी लागते. हे काम घरी, शेजारच्या डोळस मुलांमध्ये बसून, कोणी शिकवणारा नसताना जमणे जवळजवळ अशक्य. निवासी अंधशाळेचे खरे प्रयोजन इथे उघडे होते.

गणिताचीही तीच कथा. आडवी बेरीज तोंडी होते, पण भागाकार आणि बीजगणित कसे मांडायचे? त्यासाठी टेलर पाटी आली. तिच्यावर अष्टकोनी भोकांच्या रांगा असतात. त्यांत शिशासारख्या धातूचे छोटे खिळे बसवायचे. खिळ्याच्या माथ्यावरची खूण कोणत्या दिशेला फिरवली आहे, त्यावरून आकडा ठरतो. आठ दिशा आणि खिळ्याची दोन टोके, एवढ्यात सारे अंक आणि चिन्हे बसतात. गुणाकार चुकला तर खोडायचे काही नाही, खिळा उचलून फिरवायचा. पुढे अबॅकस आले, तरी महाराष्ट्रातल्या अंधशाळांत शिकलेल्या कित्येक पिढ्यांची बोटे टेलर पाटीवरच तयार झाली.

बाकीचा दिवस वसतिगृह शिकवीत असे. नळापासून जेवणघरापर्यंत किती पावले, पायरीचा कठडा कुठे संपतो, ताटात वाटी कोणत्या बाजूला, पांढऱ्या काठीचा आवाज फरशीवर कसा आणि मातीवर कसा, हे सारे मोठी मुले लहानांना शिकवीत. घरी ज्याला आईने पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत हाताने भरवले, तो मुलगा दोन महिन्यांत स्वतःचे कपडे धुऊ लागे. बुद्धिबळाच्या पटावर काळी घरे उंच आणि सोंगट्यांना खाली खुंट्या, म्हणजे चाचपडताना डाव मोडत नाही. क्रिकेटच्या चेंडूत छर्रे, म्हणजे तो कानाने पकडता येतो. आपल्यासारखी मुले जगात आणखी आहेत, हे कळण्याला फार मोल आहे. गावात एकटे अंध असणारे मूल आपल्याला इतरांशी मोजत राहते आणि कमी भरते. इथे त्याला स्वतःच्या मापाने मोजता येते.

मग कसब. खुर्च्या वेतांनी विणणे, टोपल्या, चटया, हातमाग, पुढे खडू आणि मेणबत्त्या असे उद्योग जवळपास प्रत्येक शाळेत होते. तबला-पेटी तर हमखास. संगीताची परीक्षा देऊन संगीतशिक्षक झालेले अंध विद्यार्थी महाराष्ट्रभर आहेत. या कसबांनी अनेकांची चूल पेटवली, हे मान्य करायलाच हवे. मुंबईत मेणबत्त्या बनवायला शिकून महाबळेश्वरला स्वतःचा उद्योग उभा करणारे भावेश भाटिया हे त्याचे अलीकडचे ठळक उदाहरण. पण ‘अंध मुलगा म्हणजे वेतकाम किंवा पेटी’ अशी सोयीची समजूतही याच कसबांतून तयार झाली. एखाद्याला विज्ञान शिकायचे असेल, कायदा शिकायचा असेल, तर त्याच्यासाठी पुस्तके नव्हती आणि पुस्तके नसल्याने तो शिकू शकणार नाही, असे गृहीत धरले जाई.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे, नागपूर अशा शहरांतही शाळा उभ्या राहिल्या. १९३४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या संस्थेचे नावच ‘पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड’. शाळा आणि घर, दोन्ही शब्द नावातच. आज तिची मुलांची शाळा कोरेगाव पार्कला आणि मुलींची कोथरूडला आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा साऱ्या भारतात मिळून अंधशाळा तीसच्या आसपास होत्या. अंधांची संख्या लाखोंच्या घरात आणि शाळा हाताच्या बोटांवर पुन्हा पुन्हा मोजता येतील इतक्या.

१९ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘नॅब’, स्थापन झाली. १९५५ मध्ये हेलन केलर भारतात आल्या, मुंबईलाही आल्या. न दिसणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या एका बाईने पदवी मिळवली, पुस्तके लिहिली आणि ती जग फिरते, हे लोकांनी समोर पाहिले. नॅबने प्रौढ अंधांसाठी कारखाना काढला, ब्रेल छापखाना चालवला, १९६३ मध्ये बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय सुरू केले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी आपले नाव आणि वेळ या कामाला दिला. मोठ्या उद्योगपतींपासून गावच्या सरपंचापर्यंत पोहोचायला त्यांच्या नावाचा किती उपयोग झाला असेल, हे क्रिकेटवेड्या महाराष्ट्राला सांगायला नको.

नॅबच्या महाराष्ट्र शाखेचे ठाणे नाशिकला, सातपूरमध्ये आहे. कारखान्यांच्या या वसाहतीत दृष्टिहीनतेबरोबर आणखीही एखादे अपंगत्व असलेल्या मुलांसाठी निवासी शाळा चालते. ही गोष्ट अंधशाळांच्या इतिहासातला एक मोठा बदल दाखवते. देवीचा शेवटचा भारतीय रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला. ज्या कारणांनी १९०० मध्ये अंधशाळा भरल्या होत्या, ती कारणे मागे पडली. त्यांच्या जागी वेगळी आली. अपुऱ्या दिवसांची बाळे आता वाचतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांच्यातल्या काहींच्या दृष्टिपटलाची वाढ बिघडते, आणि काहींच्या मेंदूलाही इजा झालेली असते. गर्भारपणात आईला झालेल्या रुबेलामुळे डोळे आणि कान दोन्ही जाऊ शकतात. अशा मुलाला ब्रेलच्या आधी घास गिळायला, मान धरायला, भूक लागल्याचे खुणेने सांगायला शिकवावे लागते. तिथे एका शिक्षकाला वीस मुले देऊन भागत नाही. अ‍ॅना मिलार्ड यांच्या शाळेपेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे, आणि त्याची वाच्यता मात्र कितीतरी कमी होते.

नाशिकचे अंधांशी आणखी एक नाते आहे, ते प्रत्येकाच्या खिशात असते. नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ मध्ये चलनी नोटांचा छापखाना. १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिकेच्या नोटा निघाल्या तेव्हा त्यांवर दृष्टिहीनांसाठी उठावदार खुणा दिल्या गेल्या. शंभरला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ, पन्नासला चौरस. नव्या नोटांच्या कडांवर तिरप्या रेघाही असतात, शंभरच्या नोटेवर चार, पाचशेच्या नोटेवर पाच. अंधशाळेत पैशांची ओळख हा एक धडाच असतो. मुले नोट बोटावर गुंडाळून लांबी मोजतात, कडेवरून नख फिरवतात. पण नोटा वापरून गुळगुळीत झाल्या की खुणा झिजतात, आणि नव्या नोटांच्या आकारांतला फरक इतका थोडा आहे की मापावरून ओळखणे कठीण जाते. नॅबने याच तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारे ‘मनी’ हे मोबाइल अ‍ॅप आणले. बाजारात भाजीवाल्यासमोर उभ्या असलेल्या मुलाला नोटेसाठी आधी फोन काढावा लागू नये, बोटानेच कळावे, ही मागणी मात्र अजून रास्तच आहे.

निवासी शाळेविरुद्धचा विचारही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला. मुलाला घरापासून, भावंडांपासून, गावापासून तोडून वेगळ्या भिंतींत का वाढवायचे? पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अंध मुलांना डोळस मुलांच्या शाळेत शिकवण्याचे प्रयोग सुरू झाले. १९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अशी ही वाट पुढे सरकली. या विचाराचे म्हणणे खरे आहे. सुट्टीत घरी आलेल्या कित्येक वसतिगृही मुलांना आपल्याच गावात पाहुण्यासारखे वाटते. गावालाही त्यांच्याशी कसे बोलायचे ते कळत नाही, कारण त्यांच्यासोबत कुणी वाढलेलेच नसते.

आणि तरी दादरच्या शाळेकडे पाहावे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. त्या कमला मेहता दादर अंधशाळेत शिकल्या, मग महाविद्यालयात, मग दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात. २०१६ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही रेल्वेच्या सेवेत त्यांना दृष्टीच्या कारणावरून नाकारले गेले. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे हाती घेतली. दुष्काळातल्या अनाथ मुलांसाठी निघालेली शाळा सव्वाशे वर्षांच्या आत इथपर्यंत पोहोचली. तिथे मिळालेले ब्रेल, तिथे अंगी बाणलेली स्वतःची कामे स्वतः करण्याची सवय, आणि मग सर्वांच्या कॉलेजात घेतलेली उडी, हा क्रम त्यात आहे. निवासी शाळा आणि सर्वसमावेशक शिक्षण यांना एकमेकांचे वैरी समजणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

कायद्यानेही दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत. २०१६ च्या कायद्याचे ३१ वे कलम ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देते. प्रश्न पसंती करायला दोन खरे पर्याय आहेत का, हा आहे. महाराष्ट्रात विशेष शाळा वर्षानुवर्षे शालेय शिक्षण विभागाऐवजी समाजकल्याण विभागाकडे राहिल्या. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्याने दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभाग केला. हे पाऊल मोठे आहे. पण शाळेची फाइल कल्याणाच्या टेबलावर राहिली की पहिली विचारणा जेवणाची आणि खाटांची होते. ब्रेल पुस्तक जूनमध्ये आले का दिवाळीनंतर, हे विचारायला टेबलावर कुणी नसते. छप्पर पहिले आणि अक्षर नंतर, ही शंभर वर्षांपूर्वीची रांग फायलीत अजून तशीच लागलेली आहे.

पुस्तकांचा हा प्रश्न किरकोळ नाही. एक छापील पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये गेले की जाड कागदाचे अनेक खंड होतात. त्यांचा छापखाना वेगळा, मुद्रितशोधन वेगळे, वाहतूक वेगळी. अभ्यासक्रम बदलला की सारे पुन्हा पहिल्यापासून. जगभरच्या प्रताधिकार कायद्यांमुळे अंधांसाठी पुस्तकांच्या प्रती काढणेही अडत होते. त्यावर उपाय म्हणून मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. संगणक मराठी वाचून दाखवू लागले. या साधनांनी दार मोठे केले आहे. मात्र फक्त कानाने शिकलेल्या मुलाला ‘पाणी’तला ‘ण’ आणि ‘मन’मधला ‘न’, ऱ्हस्व आणि दीर्घ, स्वल्पविराम आणि परिच्छेद हे बोटाखाली कधीच येत नाहीत. लिहायला न शिकलेला माणूस परीक्षेत लेखनिकाच्या शुद्धलेखनावर अवलंबून राहतो. म्हणून ब्रेल शिकवणारा शिक्षक ऑडिओच्या युगातही लागतोच.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतल्या पाड्यावरच्या अंध मुलाचा विचार केला की हे सारे मुद्दे एका जागी येतात. त्याच्या जिल्हा परिषद शाळेत आठवड्यातून काही दिवस तरी ब्रेल येणारा विशेष शिक्षक जातो का? वर्ग सुरू होताना पुस्तक हातात असते का? त्याला पांढरी काठी घेऊन पाड्यापासून शाळेपर्यंत चालायला कोणी शिकवले आहे का? या तिन्हींचे उत्तर होय असेल, तर त्याने घरी आईजवळच राहून शिकावे. उत्तर नाही असेल तोवर त्याला शहरातल्या निवासी शाळेत जागा, उत्तम प्रशिक्षित शिक्षक, आणि सणासुदीला घरी जाऊन येण्याचे भाडे मिळाले पाहिजे. त्या शाळेला दिले जाणारे अनुदान खाटांच्या संख्येवर मोजताना, दरवर्षी किती मुले ब्रेलमध्ये सलग परिच्छेद वाचू आणि लिहू लागली, हा रकानाही त्याच अर्जात असायला हवा.